झाले की केले?

मुलांच्या व्हिडिओ गेमसारख्या विषयावर एका धर्मगुरूने लेखणी उचलावी याचे काही वाचकांना नवल वाटेल. आमच्या पिढीला हा विषय फार तर तक्रारीपुरता ठाऊक असतो. मुले अभ्यास करीत नाहीत, डोळे बिघडतात, हाक मारली तरी जेवायला उठत नाहीत. त्या तक्रारी खऱ्याच आहेत. परंतु त्यांच्यापलीकडे या खेळांच्या पोटात एक जुना आणि गंभीर प्रश्न दडलेला आहे, आणि तो माझ्यापुढे एका भांडणाच्या रूपाने आला.

परभणी जिल्ह्यातील आमच्या एका कुटुंबातले हे दोघे भाऊ. घरात संगणक एकच, आणि दोघेही एकच लांबलचक खेळ आपापल्या परीने खेळत होते. मोठ्याची दोन महिन्यांची मजल एका फाइलमध्ये जपून ठेवलेली होती. एके संध्याकाळी खेळ सेव्ह होत असतानाच लाईट गेली आणि ती फाइल पुन्हा उघडेनाच. धाकट्याची मात्र शाबूत राहिली, कारण तो एका फाइलवर कधीच विसंबत नाही. दर दहा-पंधरा मिनिटांनी तो नवी फाइल करतो, आणि कोणत्याही अवघड निर्णयाआधी आणखी एक. निर्णय अंगलट आला, की मागच्या फाइलवरून पुन्हा सुरुवात! अशा रीतीने त्याने तो खेळ एकही सोबती न गमावता पूर्ण केला. रविवारच्या मिस्सेनंतर दोघांना घेऊन आई माझ्याकडे आली. मोठा म्हणाला, "फादर, हा जिंकलाच नाही. हरलेलं सगळं पुसून टाकलं अन् म्हणतो जिंकलो." धाकटा म्हणाला, "मी सांभाळून ठेवलं, यानं नाही ठेवलं. म्हणून याच्या पोटात दुखायलंय." आई म्हणाली, "तुम्हीच काय ते सांगा फादर, माझं तर डोकं उठलंय यांच्यापायी."

तिथल्या तिथे समजूत घालण्यापुरते जे बोलायचे ते मी बोललो. प्रश्न मात्र मनातून गेला नाही. सांभाळून ठेवणे हा सद्गुण आहे, यात शंका नाही. मग तो सद्गुण नेमका कोणत्या ठिकाणी पळवाट होतो?

ज्यांनी हे खेळ कधी हाती घेतले नाहीत अशा वाचकांसाठी थोडे विवेचन करणे आवश्यक आहे. पूर्वी गावोगावी एक रुपयाचे नाणे टाकून व्हिडिओ गेम खेळण्याची दुकाने होती, तेव्हा जपण्यासारखे काही नव्हतेच. नाणे संपले की खेळ संपला. उद्या पुन्हा पहिल्या पायरीपासून. पुढे खेळ लांबत गेले, त्यांना कथा आली, पात्रे आली, आणि एका बैठकीत न संपणारा खेळ उद्यापर्यंत ठेवायचा कसा हा प्रश्न उभा राहिला. काही खेळ पडद्यावर अक्षरांची एक किल्ली दाखवीत. ती वहीत उतरवून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी बिनचूक टाकायची. एक अक्षर चुकले की सारे व्यर्थ. 'द लेजेंड ऑफ झेल्डा' हा जपानी खेळ १९८७ साली अमेरिकेत आला तेव्हा त्याच्या डबीत एक लहानशी बॅटरी बसवलेली होती. यंत्र बंद असताना ती बॅटरी खेळाची स्मृती जागी ठेवी. त्या खेळाची एक सूचना मला फार बोलकी वाटते. यंत्र बंद करताना रीसेटचे बटण दाबून धरा आणि मगच वीज बंद करा, असे ती सांगे. वीज ओसरत असतानाच्या निमिषार्धात यंत्राचा मेंदू भरकटून स्मृतीवर काहीबाही गिरबटू शकतो. रीसेट दाबून धरले की तो निश्चल राहतो. १९९४ साली आलेल्या प्लेस्टेशन यंत्राला आगपेटीएवढे स्मृतिकार्ड होते. त्यात पंधरा कप्पे असत, आणि लिहिणे चालू असताना कार्ड काढू नका असा इशारा पडद्यावर येई.

हे इशारे कशासाठी, हे समजले म्हणजे मोठ्या भावाचे काय बिघडले तेही समजते. फाइल लिहिणे ही आपल्या दृष्टीने क्षणाची क्रिया असली, तरी तिलाही आरंभ, मध्य आणि शेवट असतो. जुन्या मजकुरावरच नवा मजकूर लिहिला जात असेल आणि मध्येच वीज गेली, तर उरते ते ना जुने, ना नवे. वरचा अर्धा भाग आजचा, खालचा कालचा, आणि दोहोंचा मेळ कोठेच नाही. दुकानदार रोजमेळाच्या तळाशी बेरीज मांडतो तशी नेटक्या फाइलीतही पडताळ्याची एक संख्या असते. उघडताना खेळ ती बेरीज पुन्हा करून पाहतो आणि जमली नाही तर फाइल नाकारतो. यालाच मुले 'करप्ट झाली' म्हणतात. चांगले कारागीर म्हणूनच जुन्या फाइलीला हात लावीत नाहीत. नवी फाइल निराळ्या नावाने पूर्ण लिहितात, ती धड आहे याची खात्री करतात, आणि मगच जुनीच्या जागी तिला बसवतात.

आपल्या घरातल्या बायकांना हे कोणी शिकवावे लागत नाही. दही लावताना कालच्या दह्यातले चमचाभर विरजण बाजूला ठेवतात. नवे दही लागले नाही तर शेजारी वाटी घेऊन जायची वेळ येऊ नये म्हणून. आमचा शेतकरीही हे जाणतो, आणि त्यापुढचे एक पाऊलही जाणतो. सोयाबीनचे घरचे बियाणे नुसते पोत्यात राखून भागत नाही. पेरणीपूर्वी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि किती उगवतात ते पाहायचे. निदान सत्तर उगवले तर ते बियाणे पेरणीयोग्य. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलेच नाही अशा हजारो तक्रारी झाल्या, तेव्हा या शंभर दाण्यांची किंमत सर्वांनाच पुन्हा कळली. फाइलींचेही तसेच आहे. पेन ड्राइव्हवर नक्कल उतरवून ठेवणारे पुष्कळ. ती नक्कल उघडते की नाही हे करून पाहणारे थोडे. न पडताळलेली नक्कल म्हणजे न तपासलेले बियाणे. दोन किंवा तीन कप्पे आलटून-पालटून वापरावेत, जपणुकीचे चिन्ह पडद्यावर फिरत असेतो यंत्राला हात लावू नये, आठवड्यातून एकदा सारे दुसरीकडे उतरवून उघडून पाहावे, आणि ऐपत असेल तर संगणकाला बॅटरीचा आधार द्यावा. एवढे पथ्य मुलांनी पाळले तर निम्मी रडारड टळेल. विजेबद्दल आम्ही मराठवाड्यातल्यांनी काय बोलावे! परळीचे औष्णिक केंद्र आमच्या गंगाखेडपासून हाकेच्या अंतरावर, आणि भारनियमनाच्या वर्षांत कंदिलाच्या काचा पुसण्यातही आम्हीच पुढे. २०१३ च्या दुष्काळात तर पाण्यावाचून ते केंद्रच बंद ठेवावे लागले होते.

हल्ली पुष्कळ खेळांची जपणूक आपल्या घरात राहतच नाही. ती कंपनीच्या दूरच्या यंत्रावर असते. तिथे लाईट जाण्याचे भय नाही, परंतु ठेव दुसऱ्याच्या घरी आहे. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने 'पब्जी मोबाईल'वर बंदी घातली तेव्हा लक्षावधी मुलांची काही वर्षांची कमाई एका आदेशाने कुलूपबंद झाली. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ नव्या नावाने परतला आणि जुनी कमाई आणण्याची मुदतीपुरती सोय मिळाली. ज्यांनी मुदत चुकवली ते बसले. शिवाय घरची फाइल बिघडली की ही दूरची नक्कल कधीकधी निमूटपणे त्या बिघाडाचीच नक्कल करते, आणि चांगल्या प्रतीवर वाईट प्रत चढते.

वाईट प्रत चांगल्या प्रतीवर चढण्याचे दुःख आपल्या भाषेने फार पूर्वी भोगलेले आहे. महानुभाव पंथाच्या म्हाइंभटांनी साक्षीदारांना भेटून, विचारून, पडताळून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली, आणि ज्यांना ते पाठ होते त्यांनी आपापल्या स्मरणातून ते पुन्हा उभे केले. म्हणून आज त्याचे पाठ अनेक आहेत. 'ज्ञानेश्वरी' १२९० सालची. ती सिद्ध झाल्यावर तीनशे वर्षांच्या आत नकलाकारांच्या हातून तिच्यात इतके भलते पाठ शिरले, की आमच्या गोदाकाठच्याच पैठणला एकनाथांनी अनेक प्रती जमवून १५८४ साली शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि यापुढे कोणी आपली ओवी तिच्यात घालू नये असे बजावून ठेवले. ग्रंथशोधक बिघडलेल्या मजकुराला 'भ्रष्ट पाठ' म्हणतात. मुलांचे 'करप्ट' आणि पंडितांचे 'भ्रष्ट' हे अर्थाने एकच. एकनाथांना शुद्धी करता आली ती प्रती अनेक होत्या म्हणून. सगळेच नकलाकार एकाच ठिकाणी चुकत नाहीत. एकाची चूक दुसरा उघडी पाडतो. एकच प्रत असती तर तिच्यातली चूक हेच सत्य ठरले असते.

आमच्या धर्मग्रामाच्या कपाटातल्या नोंदवह्यांनाही हेच तत्त्व लागू आहे. १९१७ च्या धर्मसंहितेने या नोंदींची अधिकृत प्रत दरवर्षी बिशपांच्या कार्यालयाकडे पाठवण्याचा नियम घातला होता. आजही एखाद्याचे लग्न कोठेही लागो, त्याची खबर त्याच्या बाप्तिस्म्याच्या धर्मग्रामी जाते आणि जुन्या नोंदीसमोर टिपली जाते. या वह्यांचा आणखी एक शिरस्ता आहे. नोंद चुकली तर ती खोडरबराने पुसायची नाही. समासात दुरुस्ती लिहायची, तारीख घालायची, सही करायची. चुकीचे नाव वाचता येते आणि बरोबरचेही. पुढच्या माणसाला कळते की येथे अमुक चुकले होते आणि अमक्या दिवशी ते सुधारले. धाकट्या भावाच्या फाइलींत असा समास नव्हता. तिथे हरलेली लढाई कोठेच नोंदलेली नाही.

येथे मला आपल्या मराठीच्या एका सोयीची आठवण होते. हातातून बशी निसटली की मूल म्हणते, "बशी फुटली." "मी बशी फोडली" असे क्वचितच ऐकू येते. मोठी माणसेही काही कमी नाहीत. "माझ्या हातून चूक झाली," "तोंडातून शब्द निघून गेला," "पैसे खर्च झाले," "दोन दिवस तिकडे जाणं झालं नाही." यातले काही खरोखरीच झालेले असते, काही आपण केलेले असते, बोलण्यात दोहोंना एकच अंगरखा. पापनिवेदनाला आलेल्या माणसाला पाप सांगणे तितके जड जात नाही. त्यात 'मी' हा शब्द घालणे जड जाते, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

दोघा भावांच्या भांडणाची गाठ येथेच आहे. सेव्ह होत असताना लाईट गेली, हे झाले. त्या वेळी मागच्या फाइलवरून पुढे जाणे म्हणजे जे हक्काचे होते ते परत घेणे. त्यात कोणाचीच फसवणूक नाही. सोबत्याचा सल्ला न ऐकता त्याला धोक्याच्या जागी पाठवले आणि तो मेला, हे केले. तिथेही मागची फाइल उघडते, आणि तितक्याच सहजतेने. यंत्र कधीही विचारीत नाही की बाबा रे, तू का परत आलास? अपघातातून सावरण्यासाठी राखलेली नक्कल आणि स्वतःच्या करणीतून निसटण्यासाठी राखलेली नक्कल, यांत एका अक्षराचाही फरक नसतो. फरक उघडणाऱ्याच्या मनात असतो, आणि तो त्याच्याखेरीज कोणालाही दिसत नाही.

काही खेळकर्त्यांनी हा फरक यंत्रातच बसवण्याचा प्रयत्न केला. १९८० च्या 'रोग' नावाच्या खेळात जपलेली फाइल उघडताक्षणीच नष्ट होई. खेळ उद्यावर टाकता येई, पण मरणानंतर मागे फिरता येत नसे. २०१२ च्या 'एक्सकॉम : एनिमी अननोन' या युद्धाच्या खेळात 'आयर्नमॅन' नावाची एक कडक रीत आहे. तीत खेळ स्वतःच एक फाइल ठेवतो, प्रत्येक पावलानंतर तीच पुन्हा लिहितो, आणि खेळाडूला मागचा दरवाजा ठेवतच नाही. योजना बाणेदार खरी. पण तिची गंमत पाहा. जो प्रामाणिकपणे एकाच फाइलीवर खेळतो, त्याची तीच एक फाइल बिघडली तर त्याचे सर्वस्व जाते. प्रामाणिकपणाला एकच फाइल हवी आणि शहाणपणाला अनेक. मग प्रामाणिक माणसाने लाईट जाण्याची वाट पाहत बसावे काय?

मला तसे वाटत नाही. कणगी रिकामी असताना न जेवणे याला आपण उपवास म्हणत नाही, उपासमार म्हणतो. घरात धान्य असताना, चूल पेटलेली असताना, आज नको असे म्हणणे हा उपवास. नकला खुशाल चार ठेवाव्यात. त्या कशासाठी उघडायच्या हे आधी ठरवावे आणि पाहणारे कोणी नसताना ते पाळावे. दरवाजा चिणून टाकलेल्या माणसाचा प्रामाणिकपणा भिंतीने केलेला असतो. म्हणून मोठ्या भावाला मी पूर्ण गुण देऊ शकत नाही. त्याने एकच फाइल ठेवली ती बाणेदारपणामुळे नव्हे, कंटाळ्यामुळे. लाईट गेल्यावर त्या कंटाळ्याला त्याने तत्त्वाचे नाव दिले.

आणि धाकट्याला तरी दोषी धरावे काय? खेळात मेलेला सोबती हे एक चित्र आहे. त्याला आई नाही, लेकरे नाहीत. मागे जाऊन त्याला जिवंत केल्याने कोणाचे काही हिरावले जात नाही. भजनी मंडळी तालमीत एकच ओळ वीस वेळा म्हणतात, विद्यार्थी जुन्या प्रश्नपत्रिका पुन्हापुन्हा सोडवतात, आणि ते आपण चांगलेच मानतो. या मुलाचे वारंवार मागे जाणे तालीम म्हणून पाहिले तर त्यात वावगे नाही. कोणत्या करणीचे काय फळ येते हे तो शिकतो आहे. मात्र तालमीला तालीम म्हणावे. विसाव्या खेपेस जमलेली लढाई पहिल्याच फटक्यात जिंकली म्हणून मित्रांपुढे सांगणे हे खोटे बोलणे आहे. मला काळजी वाटते ती सवयीची. प्रत्येक वाक्याआधी परतीची वाट राखणाऱ्याचा एकही निर्णय निर्णय राहत नाही. ॲरिस्टॉटलपासून आमचे सेमिनरीतले गुरुजन हेच शिकवीत आले, की माणूस जे वारंवार करतो तसा तो होत जातो. संसारात मागची फाइल मिळत नाही, आणि ते त्याला प्रथम कळणार एखाद्या खऱ्या माणसाला दुखावल्यावर.

झालेले न झालेले करता येईल काय, यावर ख्रिस्तसभेच्या आचार्यांमध्ये एकदा चांगलाच वाद झाला होता. संत जेरोम यांनी ३८४ साली एका पत्रात लिहिले, की परमेश्वर सर्व काही करू शकतो, तरी कौमार्य गमावलेल्या स्त्रीला तो ते परत देऊ शकत नाही. अकराव्या शतकात इटलीतील मोंते कास्सिनोच्या मठात भोजनाच्या वेळी हे वाक्य निघाले. मठाधिपती देसिदेरियस यांनी जेरोमची बाजू घेतली; संत पीटर डेमियन यांना मात्र ते पटेना. परमेश्वराच्या सामर्थ्याला अशी मर्यादा कशी, म्हणून त्यांनी पुढे एक दीर्घ पत्रच लिहिले. (उदाहरण म्हणून या सर्वांना स्त्रीचेच कौमार्य आठवावे, पुरुषाचे वचन आठवू नये, हे त्यांच्या काळाचे वैगुण्य म्हणून सोडून द्यावे.) तेराव्या शतकात संत थॉमस ॲक्विनास यांनी त्यावर जो निवाडा दिला तो मला या फाइलींच्या संदर्भात नव्याने उमगला. परमेश्वर भ्रष्टता दूर करू शकतो, शरीराची आणि मनाचीही, असे ते म्हणतात. परंतु भ्रष्टता आली होती ही गोष्ट तो काढून टाकीत नाही. जे घडले ते घडलेच नव्हते असे म्हणण्यात विसंगती आहे, आणि विसंगतीला वस्तूपण नसते. पाप्याला क्षमा मिळते; त्याने पाप केले होते हे राहते. म्हणजे निवाडा नोंदवहीच्या बाजूने आहे: दुरुस्ती समासात, खोडरबर नाही.

हा निवाडा प्रथम ऐकताना कठोर वाटतो. पण ज्यांच्या घरी मी दुःखाच्या वेळी जाऊन बसलो आहे त्यांची आठवण केली की तो मला आधाराचा वाटतो. आपल्याभोवतीच्या तरुणांत दोन भ्रम सारखेच पसरलेले आहेत. एक धाकट्याचा, की सारे काही पुन्हा मांडता येते. दुसरा त्याहून भयंकर, की फाइल एकदा बिघडली की खेळच संपला. बारावीचा निकाल, मोडलेले लग्न, पतसंस्थेचे थकलेले कर्ज, दोन हंगाम पाठोपाठ हातचे गेलेले सोयाबीन. मराठवाड्यातल्या कोणत्या गावात अशा एखाद्या घराला कायमचे कुलूप लागल्याचे ठाऊक नाही? ज्याने तो शेवटचा निर्णय घेतला त्याला त्या रात्री बहुधा असेच वाटले असेल, की एवढ्या बिघडलेल्या ठिकाणावरून पुढे काही वाचताच येणार नाही. त्याला मागची फाइल देणे कोणाच्याच हाती नव्हते. बिघडलेल्या ठिकाणाहूनही पुढे लिहिता येते, समास अजून कोरा आहे, एवढे सांगणारे मनुष्य त्या रात्री त्याच्या उंबऱ्यावर असायला हवे होते.

संत योहानाच्या शुभवर्तमानात या संदर्भातली एक बारीकशी खूण आहे. वाचताना ती सहज निसटते. पेत्राने प्रभूला नाकारले ते प्रमुख याजकाच्या वाड्याच्या अंगणात, कोळशांच्या विस्तवाजवळ शेकत असताना. पुनरुत्थानानंतर तिबेरियाच्या काठी प्रभूने त्याला बोलावले तेव्हाही तिथे कोळशांचाच विस्तव पेटलेला होता. त्या रात्रीकडे त्याला परत नेले नाही. ते अंगण, ती दासी, तो कोंबडा यांच्याकडे फिरून जाण्याची सोय नव्हती. नवा विस्तव होता, आणि तीन नकारांसमोर तीन प्रश्न होते. पेत्र तिसऱ्या प्रश्नाला खिन्न झाला, असे योहान नोंदवतो. त्याच्या मनातली पहिली नोंद पुसली असती तर त्याला खिन्न होण्याचे कारण काय होते?

मुलांच्या खेळांनाही याची चाहूल लागलेली दिसते, आणि हे मी दोघा भावांकडूनच शिकलो. टोबी फॉक्स या अमेरिकन तरुणाने २०१५ साली केलेल्या 'अंडरटेल' नावाच्या खेळात आरंभीच एक मायाळू पात्र आडवे येते. खेळाडूने तिला मारले, मग वाईट वाटून मागच्या जपणुकीवरून परत आला आणि तिला वाचवून पुढे गेला, तरी पुढच्या वळणावर एक फूल त्याला गाठते आणि तू काय केले होतेस ते मला ठाऊक आहे, अशा अर्थाचा टोमणा मारते. फाइल बदलली तरी खेळाने आपल्या एका कोपऱ्यात समास राखलेला असतो. धाकटा म्हणाला, त्या रात्री त्याने यंत्र लवकर बंद केले.

मोठ्याने सांगितलेला खेळ निराळा आहे. योको तारो या जपानी दिग्दर्शकाचा २०१७ सालचा 'निअर : ऑटोमाटा'. त्याच्या अगदी शेवटी कारागिरांची नावे पडद्यावरून सरकत असताना त्या नावांशीच एक लढाई होते, आणि ती एकट्याने जिंकणे जवळजवळ अशक्य असते. खेळाडू वारंवार हरतो. मग जगाच्या कुठल्याशा कोपऱ्यांतल्या, कधी न पाहिलेल्या खेळाडूंची मदत त्याच्याभोवती कडे करून उभी राहते, आणि तो पार होतो. पार झाल्यावर त्याला विचारले जाते, की तुझ्यासारख्याच एका अनोळखी माणसाला अशी मदत पाठवायची आहे काय? पाठवायची असेल तर तुझी सारी जपणूक पुसली जाईल. तास न् तास जमवलेले सर्व काही, एकही कप्पा न ठेवता. ज्याला मदत मिळेल तो तुझे आभार मानू शकणार नाही; तो तुला न आवडणारा माणूसही असू शकेल. पुन्हापुन्हा विचारले जाते, आणि प्रत्येक वेळी नाही म्हणण्याची मुभा असते. तेथे मागे फिरण्यासाठी नव्हे, देऊन टाकण्यासाठी फाइल हाती घ्यावी लागते, आणि ज्याने ती नीट सांभाळली नाही त्याच्यापाशी देण्यासारखे काही उरलेलेही नसते. जो होय म्हणतो त्याच्या डोळ्यांदेखत त्याची पाने एकामागून एक कोरी होत जातात, आणि शेवटी खेळ पहिल्या दिवशी होता तसा समोर येतो. पुढे कधीतरी, कुठल्यातरी गावी, कोणी एक मूल त्या शेवटच्या लढाईत हरत असते. तेव्हा त्याच्याभोवतीच्या कड्यातले एखादे जहाज मार झेलून फुटते, आणि पडद्यावर एक अनोळखी नाव येते व एवढेच लिहिलेले दिसते, की या खेळाडूची जपणूक नाहीशी झाली आहे.